वर चढलेला स्वल्पविराम

माणसं हसायला एकत्र जमली की भांडणाचा धोका सर्वांत जास्त असतो, हे हास्यक्लबचा चिटणीस झाल्याशिवाय कळत नाही. भजनी मंडळात निदान हातात टाळ असतात, त्यामुळे बोट दाखवायला हात मोकळा राहत नाही. आमच्याकडे सगळे हात मोकळे.

आमचा क्लब डोंबिवलीतल्या एका बागेत रोज सकाळी भरतो. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच माणसं जमवून हास्यक्लब सुरू केला, तेव्हा म्हणे आधी विनोद सांगून हसत असत. पुढे विनोद संपले आणि मग त्यांनी विनोदाशिवाय हसायची पद्धत शोधून काढली. त्यांचे विनोद संपायला काही दिवस तरी लागले. आम्ही थेट विनोद नसलेल्या अवस्थेपासूनच सुरुवात केली. टाळ्या वाजवत हो-हो, हा-हा. मग जीभ बाहेर काढून सिंहहास्य. हे पाहून बागेतली कुत्री पूर्वी भुंकायची, आता तोंड फिरवतात. आणि मग भांडणहास्य. यात समोरच्याकडे तर्जनी नाचवायची, भांडल्याचा आव आणायचा आणि खळखळून हसायचं. या प्रकारातलं हसणं वगळून उरलेला भाग आमच्या सभासदांना फार लवकर जमला.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण खजिनदारांना बँकेत खातं हवं झालं. वार्षिक सहलीची वर्गणी त्यांच्या घरी बिस्किटांच्या डब्यात असायची आणि त्यांचा नातू बिस्किटं शोधत असायचा. खात्यासाठी बँकेला नोंदणी हवी. नोंदणीसाठी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं हवीत. सात माणसं आमच्याकडे मिनिटात जमली. या सातांचं एकमत हवं, असं मात्र कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. १८६० साली कायदे करणारे इंग्रज व्यवहारी होते.

आणि नोंदणीसाठी नाव हवं. मराठीत आणि इंग्रजीत.

मी चिटणीस असल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. चिटणीस का, तर निवडीच्या सकाळी माझ्या खिशाला पेन होतं. बाकीच्यांनी ते घरी ठेवलं होतं, अनुभवी माणसं. मी कागदावर एका ओळीत ‘ज्येष्ठ नागरिक हास्यक्लब’ लिहिलं, खालच्या ओळीत इंग्रजीत ‘सिनिअर सिटिझन्स लाफ्टर क्लब’ लिहिलं आणि सह्यांसाठी कागद पुढे केला. पहिली सही इंग्रजीच्या निवृत्त सरांची होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि वर्गात कोणाला तरी उभं करायच्या आवाजात म्हणाले,

“चिटणीस, अपॉस्ट्रॉफी कुठे आहे?”

“कसलीही ट्रॉफी मिळणार नाही,” खजिनदार लांबूनच म्हणाले. “बजेटमध्ये बसत नाही.”

सरांनी डोळे मिटून घेतले. मग एक काटकी उचलून त्यांनी मातीत इंग्रजी एस काढला आणि त्याच्या डोक्याच्या उंचीवर एक स्वल्पविराम टांगला. “हे चिन्ह एसच्या आधी दिलंत तर हा क्लब एकाच म्हाताऱ्याचा. एसच्या नंतर दिलंत तर सगळ्या म्हाताऱ्यांचा.”

“आणि दिलंच नाही तर?”

“तर अडाण्यांचा.”

एवढं बोलून सरांनी काटकी टाकली, पण ठिणगी पडली होती. दुसऱ्या दिवशी हो-हो हा-हाच्या आधीच तीन गट पडले. एसच्या आधी चिन्ह मागणारे ते पूर्वपक्षवाले, नंतर मागणारे ते उत्तरपक्षवाले आणि चिन्हच नको म्हणणारे ते खजिनदार. त्यांना गटाची गरज नसते.

माझी अपेक्षा होती की हे दोन दिवसांत शमेल. निवृत्त माणसांच्या हातात किती वेळ असतो, याचा मला अंदाज नव्हता. एरवी ‘गुडघ्यामुळे जमत नाही’ म्हणणारे सभासद या वादासाठी वेळेआधी हजर राहू लागले. सगळ्यांकडे पुरावे होते. कोणाचा मुलगा न्यू जर्सीला, कोणाची मुलगी लंडनला. तिकडच्या पाट्यांची माहिती मागवण्यात आली. मुलांना वाटलं, बाबांना विसरण्याचा आजार सुरू झालाय. त्यांनी डॉक्टरांना फोन केले.

क्रिकेटवाले काका म्हणाले, “लॉर्ड्सच्या नावात असतं का हो ते तुमचं चिन्ह?”

“अर्थात. एसच्या आधी,” सर म्हणाले. “मैदान एकट्या लॉर्डचं ना.”

“एकाच लॉर्डचं? कोणत्या?”

“थॉमस लॉर्ड. वाइनचा व्यापारी होता. पहिलं मैदान त्याने १७८७ साली काढलं, हल्लीच्या जागेवर १८१४ साली आला.”

काका बाकावर बसले. १९८३ साली कपिलने कप उचलला तो तमाम इंग्रज उमरावांच्या खासगी हिरवळीवर, त्यांच्या नाकावर टिच्चून, अशी त्यांची समजूत होती. त्या समजुतीवर त्यांनी आख्खं उतारवय काढलं होतं. “म्हणजे वाइनवाल्याच्या मैदानावर?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते. त्या दिवशी त्यांनी सिंहहास्य केलं नाही.

उत्तरपक्षाची भिस्त केंब्रिजवर होती. तिथल्या क्वीन्स कॉलेजच्या नावात चिन्ह एसच्या नंतर येतं, कारण त्याला दोन राण्यांचा आश्रय मिळाला होता. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात ते एसच्या आधी येतं, कारण तिथे राणी एकच. सरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. “पाहा! राण्या मोजून चिन्ह देतात तिकडे.”

“मग आपणही रोजची हजेरी मोजून देऊ,” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष सर्वांना बरोबर घेऊन जाणारे आहेत, त्यामुळे ते कुठेच पोचत नाहीत. “हिवाळ्यात चाळीसजण असतात, तेव्हा एसच्या नंतर. पावसाळ्यात एखादाच येतो, तेव्हा आधी. पाटीवर खडूने लिहू.”

पूर्वपक्षाला अनपेक्षित बळ मिळालं ते महिला सभासदांकडून. नेहमी मागच्या रांगेत मोबाइल धरून हसणाऱ्या एक वहिनी पुढे आल्या. मदर्स डे सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या अ‍ॅना जार्व्हिस यांनी चिन्ह मुद्दाम एसच्या आधी ठेवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. दिवस जगातल्या सरसकट मातांचा नव्हे, प्रत्येक घराने आपापल्या एका आईचा पाळायचा, हा त्यांचा आग्रह होता. “तसंच प्रत्येकाने आपापलं हसावं. माझं हसू मी या बाकीच्यांच्यात का मिसळू? परवा सहलीच्या बसमध्ये माझी खिडकी कोणी घेतली होती?” व्याकरणाच्या प्रश्नाला खिडकीचं मूळ आहे हे तेव्हा उघड झालं. खिडकी घेणाऱ्या वहिनी लगेच उत्तरपक्षात गेल्या.

खजिनदार शांत होते. बँकेत आयुष्य काढलेला माणूस. पुरावा फाइलला लावून आणतो. २०१२ साली इंग्लंडातल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या मोठ्या दुकानसाखळीने आपल्या नावातून हे चिन्ह काढून टाकलं, हा पहिला कागद. अमेरिकेत भौगोलिक नावं ठरवणारं सरकारी मंडळ १८९०पासून मालकीचं हे चिन्ह नावांतून पुसत आलंय आणि एवढ्या वर्षांत त्याने फक्त पाच ठिकाणांना सूट दिलीय, हा दुसरा कागद. “एवढी मोठी अमेरिका. डोंगर, नद्या, सरोवरं. त्यात पाच! आणि तुम्हाला या बागेत सहावं हवंय.”

सरांनी यावर जॉन रिचर्ड्स यांचं नाव घेतलं. सर हे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. या इंग्रज गृहस्थांनी २००१ साली अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली. दुकानांच्या पाट्या चुकल्या की सभ्य भाषेत पत्र पाठवायचं, हे संस्थेचं काम. अखेर २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं जाहीर करून त्यांनी संस्था बंद केली.

“बघा, शहाणा माणूस,” खजिनदार म्हणाले. “शहाण्णवव्या वर्षी का होईना, सोडलं. तुम्ही आत्ता बहात्तरचे. किती वर्षं काढायची आम्ही?”

लंडनच्या मुलीकडून उत्तर आलं, त्याने गोंधळात भरच पडली. तिथे पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही दोन स्टेशनं लागोपाठ येतात. पहिल्याला अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याला नाही. हे ऐकून रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले काका हळहळले. “लागोपाठच्या दोन स्टेशनांत? आमच्या वेळेला मेमो मिळाला असता.” आणि त्यांनीच तो घातक प्रस्ताव मांडला: लंडन कशाला हवं? आपलं किंग्ज सर्कल आहे की. तिथली पाटी पाहून येऊ. रेल्वेचं जे असेल ते आपलं.

शिष्टमंडळ निघालं. प्रत्येक पक्षाचा एक माणूस, आणि नोंद ठेवायला मी. डोंबिवली सोडण्यापूर्वीच, माटुंग्याला उतरून चालत जायचं की कुर्ल्याला हार्बर पकडून वडाळ्याला पुन्हा गाडी बदलायची, यावर पक्षांची नवी विभागणी झाली. व्याकरणात एकत्र असलेले मार्गात फुटले. शेवटी दोघं माटुंग्यामार्गे गेले, दोघं वडाळ्यामार्गे, आणि भेट ठरली पाटीखाली. पाट्या फलाटाच्या दोन टोकांना होत्या. तासाभराने एकमेकांना शोधून काढल्यावर तिघांनी तीन साक्षी दिल्या. सरांचे प्रतिनिधी म्हणाले, चिन्ह आहे. खजिनदार म्हणाले, तो खिळा आहे. पूर्वपक्षाचे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या यादीत होते. त्यांना पाटी दिसली, हेच आम्ही समाधान मानलं. चिटणीस म्हणून मी फोटो काढला. त्यात माझा अंगठा स्पष्ट आला आहे.

इथवर प्रकरण इंग्रजीपुरतं होतं. मराठी ओळीकडे कोणी पाहिलं नव्हतं, कारण मराठी सगळ्यांनाच येतं. मराठीच्या निवृत्त बाई आजवर शांतपणे टाळ्या वाजवत होत्या. सूचनाफलकावर कोणी तरी ‘जेष्ठ नागरीक’ असं लिहिलेलं त्यांच्या दृष्टीस पडलं आणि टाळ्या थांबल्या.

“दोन शब्दांत दोन चुका,” बाई म्हणाल्या. “तिसरा शब्द लिहिला नाहीत हे उपकार.”

मग त्यांनी नियम सांगितले. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली आणखी चार जोडले, एकूण अठरा. पुराणं अठरा, गीतेचे अध्याय अठरा, लेखनाचे नियम अठरा. यांतलं काहीच पुरतं न वाचता आम्ही आयुष्य काढलं, हे त्यांच्या नजरेतून आम्हाला समजलं. नागरिकमधला ‘रि’ पहिला, ज्येष्ठमधला ‘ज’ला ‘य’ जोडलेला. सरांना वाटलं, बाई आपल्या बाजूच्या. त्यांनी अदबीने विचारलं, “बाई, या अपॉस्ट्रॉफीचं तुमच्याकडे काय?”

“आमच्याकडे मेजर थॉमस कँडीने तुमची चिन्हं आणली. स्वल्पविराम आणला, अर्धविराम आणला, प्रश्नचिन्ह आणलं. हे वर चढलेलं तेवढं आम्ही मालकीसाठी घेतलं नाही. आम्हाला षष्ठी पुरते. नागरिकाचा म्हटलं की एक, नागरिकांचा म्हटलं की अनेक. मध्ये फक्त एक टिंब.”

“पण तेही वरच!” सर आनंदाने ओरडले.

बाईंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. दोन भाषांचे दोन निवृत्त शिक्षक एकत्र येताना पाहून आमच्यातल्या अनेकांच्या पोटात शाळेतला गोळा आला. पण युती टिकली नाही. कारण बाई पुढे म्हणाल्या, “आणि मुळात तुम्ही सगळे ज्येष्ठ कसे? ज्येष्ठ म्हणजे सर्वांत मोठा. तो एकच असायचा.”

सगळ्यांच्या माना आपोआप नव्वदी ओलांडलेल्या आजोबांकडे वळल्या. आजोबा कोपऱ्यात उन्हाला बसले होते. पूर्वपक्षाने जल्लोष केला. ज्येष्ठ एकच, म्हणजे चिन्ह एसच्या आधी, म्हणजे क्लब आजोबांचा. आजोबांना हे दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग वर्गणीही मी एकट्यानेच भरायची का?” त्यांनी लगेच अनेकवचनाला पाठिंबा दिला.

शेवटी मतदान झालं. हात वर करून घ्यायचं ठरलं, पण आमच्याकडे दोन्ही हात वर करून हा-हा म्हणायची सवय असल्यामुळे मतं सभासदांच्या दुप्पट झाली. चिठ्ठ्या टाकल्या. चिन्ह एसच्या नंतर, हे एका मताने मंजूर झालं. सरांनी मला मिठी मारली. मी कोणाला मत दिलं होतं हे मी अजून घरीही सांगितलेलं नाही. चिटणिसाला सगळ्यांकडे चहा प्यायचा असतो.

कागद घेऊन आम्ही अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने नाव टाइप केलं, एक बटण दाबलं, पडदा लाल झाला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

“काका, ही वरची कॉमा काढावी लागेल. स्पेशल कॅरेक्टर घेत नाही.”

“अरे, पण बहुमताने ठरलंय!” सर म्हणाले.

“बहुमत पण घेत नाही. फक्त अक्षरं आणि आकडे.”

इतका महिना मी किती स्पेशल कॅरेक्टर्सना सांभाळून घेतलं होतं, ते त्या यंत्राला काय सांगणार? चिन्ह गेलं. खजिनदारांनी आपला आनंद व्यक्त केला नाही, फक्त त्या मुलाला सगळ्यांसाठी चहा सांगायला लावला. त्यांना चहा सांगताना आम्ही प्रथमच पाहत होतो. पैसे मी दिले.

नोंदणी झाली, खातं उघडलं, डबा नातवाच्या ताब्यात गेला. पाटी रंगवायला पेंटर बोलावला. मराठी ओळ बाईंनी समोर उभं राहून लिहून घेतली. ‘ज्ये’ काढताना पेंटरचा हात थरथरत होता. इंग्रजीच्या वेळी सर रुसून आले नाहीत. पाटी अरुंद होती. पहिल्या ओळीत सिनिअर सिटिझन एवढंच मावलं, उरला एस. पेंटर काटकसरी माणूस, त्याने तो टाकून दिला नाही. खालच्या ओळीत लाफ्टरच्या पुढे जरा जागा होती, तिथे बसवला.

लाफ्टरच्या डोक्याला एस चिकटला की इंग्रजीत त्याचा स्लॉटर होतो, म्हणजे कत्तल. पाटी आता सांगत होती की इथे रोज सकाळी साडेसहाला ज्येष्ठ नागरिकांची कत्तल करण्यात येते.

हे आमच्या लक्षात आलं नाही. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं फाटकाशी थांबून पोट धरून हसायची, ते आमच्या व्यायामाचं यश आहे, असं आम्ही समजत होतो. एक जोडपं सासऱ्यांसाठी फीची चौकशी करून गेलं. पाटी वाचून आलं होतं की न वाचता, ते कळलं नाही, पण फी ऐकून त्यांनी “एवढीच?” म्हटलं होतं. अखेर कोणाच्या तरी नातवाने घरी जेवताना सांगितलं आणि रात्री माझा फोन वाजायला लागला.

सकाळी सर सर्वांच्या आधी आले होते. पाटीसमोर उभं राहून ते एकेका सभासदाचं स्वागत करत होते. “अपॉस्ट्रॉफी ठेवला असतात तर एस असा मोकाट सुटला असता का? दाव्याला बांधलेलं जनावर जागचं हलतं का? सांगा ना, हलतं का?” त्यांच्याकडे उत्तर नसलेल्यांची रांग लागली होती. चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ताबडतोब ठराव झाला: एस वर न्यावा, त्याच्या मागे अपॉस्ट्रॉफी ठोकावा, सरकारी कागदावर नसला तरी पाटीवर असावा. पेंटरला परत बोलावलं. त्याचा हिशेब अक्षरामागे होता.

“एस हलवायचे पैसे नाहीत घेत, माझी चूक,” तो म्हणाला. “पण ते नवीन अक्षर धरावं लागेल.”

“ते अक्षर नाही,” खजिनदार म्हणाले. “टिंब आहे. टिंबाचे पैसे नसतात.”

“टिंब कसं? त्याला शेपूट आहे.”

दोघांनी सरांकडे पाहिलं. ते अक्षर नव्हे, हे व्याकरणाने सरांना मान्य करणं भाग होतं. पण फुकटात लावण्याइतकं ते क्षुल्लक आहे, हेही त्यांना कबूल करवेना. त्यांनी अर्धं अक्षर धरा असा मार्ग सुचवला. खजिनदार बराच वेळ गप्प राहून अर्ध्या अक्षराला तयार झाले.

“चालेल,” पेंटर म्हणाला. “पण मग अर्ध्या अक्षरांचा भाव वेगळा लावतोच आहोत, तर मराठीतली पण घ्या. ज्येष्ठमध्ये अर्धा ज आहे, अर्धा ष आहे. हास्यमध्ये अर्धा स. क्लबमध्ये अर्धा क. मी तेव्हा सोडली होती.”

खजिनदारांनी पाटीकडे पाहिलं, बोटांवर काही तरी मोजलं आणि त्या क्षणापासून ‘जेष्ठ’ हेच रूप बरोबर असल्याची भूमिका घेतली आहे. बाई त्यांच्याशी बोलत नाहीत. पुढची सभा रविवारी आहे.